मोठ्या स्क्रीनवर फोनची साइट

प्रश्न थोडक्यात असा: दिवसभर २४ इंची मॉनिटरसमोर बसणाऱ्याला हल्लीच्या बऱ्याच साइट फोनवरून उचलून ताणून बसवल्यासारख्या का वाटतात? मेनू तीन आडव्या रेघांमागे दडलेला, अक्षरं दुकानाच्या पाटीएवढी, आणि दोन ओळींच्या माहितीसाठी माउसचं चाक फिरवून बोट दुखायची वेळ. हे आपलं वय झाल्याचं लक्षण, की साइट खरंच बिघडल्यात? आणि आपल्या हातात काही आहे का?

वय झाल्याचं लक्षण नाही. साइट बिघडल्यात, आणि त्यातल्या काही मी बिघडवल्यात. १८ वर्षं मी साइट डिझाइन करायचंच काम करतेय. सुरुवात केली तेव्हा ९६० पिक्सेल रुंदीची चौकट आखायची आणि त्यात सगळं बसवायचं, असा शिरस्ता होता. तीच साइट फोनवर उघडली की माणूस दोन बोटांनी मोठं करत, इकडेतिकडे सरकवत वाचायचा. आता तोच त्रास उलट बाजूने सुरू आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण बाकीचं बरंचसं तिच्यातून निघतं. मोठ्या स्क्रीनवर जागा जास्त असते, पण ती जागा लागते कशाला? दोन गोष्टी एकाच वेळी नजरेसमोर ठेवायला. फोनवर माणूस एकामागून एक बघतो, टेबलाशी बसलेला शेजारीशेजारी ठेवून बघतो. फोनसाठी आखलेली साइट मोठ्या स्क्रीनवर आली की अक्षरं मोठी होतात, चित्रं मोठी होतात, मोकळी जागा वाढते. हा शेजार मात्र येत नाही. घोडं पेंड खातं ते इथे.

काही वर्षांपूर्वी एका क्लायंटसाठी आम्ही महिन्याच्या खर्चाचा अहवाल दाखवणारं पेज नव्याने केलं. जुन्या पेजवर आठ रकान्यांचा तक्ता होता, करडा, कुरूप. तो फोनवर मावेना म्हणून आम्ही प्रत्येक ओळीचं एक कार्ड केलं: वर विभागाचं नाव, त्याखाली एकाखाली एक सगळे आकडे. बैठकीत सगळ्यांनी आपापल्या फोनवर उघडून पाहिलं आणि माना डोलावल्या. महिनाभराने दुसऱ्याच कामासाठी मी त्यांच्या हिशेब विभागात गेले, तर तिथल्या एक ज्येष्ठ बाई कीबोर्डशेजारी वही उघडून बसलेल्या. पहिल्या कार्डावरचा आकडा वहीत लिहायचा, चाक फिरवायचं, दुसऱ्या कार्डावरचा त्याच्याखाली लिहायचा. असे वीस विभाग. वहीत त्यांनी पट्टीने रेघा मारून आमचाच जुना तक्ता आखला होता, आठ रकान्यांसकट. "हे कधीपासून करताय?" मी विचारलं. "तुम्ही नवीन केलंत ना, तेव्हापासून," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, माहिती द्यावी तसं सांगितलं. मला मात्र कुठे तोंड लपवू असं झालं.

परत येऊन मी मोजदाद केली. त्यांचा लॅपटॉप १९२० बाय १०८०चा, पण अशा लॅपटॉपवर विंडोज बहुधा १२५ किंवा १५० टक्के स्केलिंग, म्हणजे सगळं तेवढ्या पटीने मोठं करून दाखवणं, लावूनच येतं. १५० टक्क्यांना ब्राउझरच्या लेखी ती स्क्रीन उरते १२८० बाय ७२०. त्यातून खालचा टास्कबार, वरचे टॅब आणि पत्त्याची पट्टी वजा केली की उंची उरली साडेपाचशे पिक्सेलच्या आसपास. जुन्या तक्त्यात एक ओळ २८ पिक्सेलची होती, म्हणजे एका नजरेत १९ ओळी, जवळजवळ सगळे विभाग. आमच्या देखण्या कार्डांपैकी तिथे मावत होती दोन. तुलना करणं हेच ज्यांचं काम, त्यांच्यापुढे आम्ही एका वेळी दोनच आकडे ठेवले होते, आणि रुंदीतली निम्मी जागा पांढरी सोडली होती.

हे असं का होतं, याचं उत्तर डिझायनरच्या आळसात शोधू नका. 'मोबाइल फर्स्ट' ही कल्पना ल्यूक रोब्लेव्स्की यांनी २००९मध्ये मांडली तेव्हा तिच्यात मोठं शहाणपण होतं: आधी लहान स्क्रीनसाठी आखा, म्हणजे नेमकं काय महत्त्वाचं आहे ते ठरवावंच लागेल, फालतू पसारा आपोआप गळेल. पुढच्याच वर्षी ईथन मार्कॉट यांनी 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' हा शब्द दिला. एकच साइट, रुंदीप्रमाणे मांडणी बदलणारी. २०१३मध्ये बूटस्ट्रॅप या साइट बांधायच्या तयार संचाची तिसरी आवृत्ती आली ती मोबाइल फर्स्ट म्हणूनच, आणि जगभरच्या डेव्हलपरांच्या हाताला तेच वळण लागलं. एप्रिल २०१५मध्ये गूगलने फोनवर नीट दिसणाऱ्या पेजना मोबाइलवरच्या शोधात झुकतं माप द्यायला सुरुवात केली. ऑक्टोबर २०१६मध्ये वेबचा वापर मोजणाऱ्या स्टॅटकाउंटर कंपनीच्या मोजणीत फोन आणि टॅबलेट मिळून ५१.३ टक्क्यांवर गेले, डेस्कटॉप पहिल्यांदाच मागे पडला. पाठोपाठ गूगलने जाहीर केलं की यापुढे साइटची मोबाइल आवृत्तीच मुख्य धरून वाचली जाईल.

या शेवटच्या घोषणेचा तर फार विपर्यास झाला. बैठकांमध्ये मी कितीदा ऐकलंय, "गूगल मोबाइलचं बघतं, म्हणून डेस्कटॉपलाही तेच ठेवा." गूगलचं म्हणणं मजकुराबद्दल आहे: फोनवर जो मजकूर नाही तो मोजला जाणार नाही. तोच मजकूर मोठ्या स्क्रीनवर तीन रकान्यांत मांडला की एकात, याच्याशी त्याचा संबंध नाही.

खरी मेख तंत्रात आहे. मोबाइल फर्स्ट पद्धतीत सीएसएसचे, म्हणजे साइटचं दिसणं ठरवणाऱ्या भाषेतले, मूळ नियम फोनसाठी लिहितात, आणि 'रुंदी इतक्याच्या वर गेली तर असं कर' ही भर नंतर घालतात. पूर्वी आम्ही उलटं करायचो. तेव्हा फोनचं काम राहून गेलं की फोनवर साइट फाटलेली दिसायची, लगेच बोंब व्हायची. आता डेस्कटॉपचं काम राहिलं तर काहीच फाटत नाही. सगळं चालतं. बटण दाबलं जातं, फॉर्म भरला जातो, तपासणारा यादीवर बरोबरची खूण करतो. अर्धवट सोडलेलं काम पूर्ण झाल्यासारखं दिसतं, आणि मुदत तर नेहमी कालचीच असते. त्यामुळे डेस्कटॉपची भर हे कायमचं वरातीमागून घोडं.

आता तुमच्या एकेका तक्रारीकडे. तीन रेघांचा मेनू, ज्याला आम्ही हॅम्बर्गर म्हणतो, त्याची गंमत अशी की तो जन्माला आला डेस्कटॉपवरच. १९८१च्या झेरॉक्स स्टार या संगणकासाठी नॉर्म कॉक्स यांनी ते चिन्ह काढलं होतं. फोनवर त्याला पर्याय कमी, जागाच नसते. पण १९२० पिक्सेलच्या पट्टीत डावीकडे लोगो, उजवीकडे तीन रेघा आणि मधे नुसतं मैदान, याचं समर्थन मला आजवर कोणी देऊ शकलेलं नाही. साइट वापरायला किती सोप्या आहेत हे अभ्यासणाऱ्या निल्सन नॉर्मन ग्रुपने २०१६मध्ये यावर चाचण्या केल्या. मेनू लपवला की तो सापडण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं, आणि डेस्कटॉपवर लपवलेला मेनू लोक फोनपेक्षाही कमी वापरतात, असं त्यांना दिसलं. कारण उघड आहे. फोनवर कोपऱ्यात काहीतरी दडलेलं असणार हे अंगवळणी पडलंय. मोठ्या स्क्रीनवर जे आहे ते समोर दिसेल, अशी आपली अपेक्षा असते. शिवाय अंगठ्याला कोपरा इंचभर लांब, माउसला वीतभर.

बटणांचं आणि ओळींचं फुगणं हे बोटामुळे. ॲपल स्पर्शासाठी ४४ पॉइंटचं लक्ष्य सुचवतं, गूगलची डिझाइन नियमावली, मटेरियल डिझाइन, ४८चं. बोटाला ते लागतंच. माउसचं टोक मात्र सुईसारखं बारीक, त्याला इतकी ऐसपैस जागा नको. एखादं बटण मोठं असलं तर बिघडत नाही, उलट बरंच. पण यादीतली प्रत्येक ओळ ४८ पिक्सेलची केली की त्याच साडेपाचशेच्या उंचीत १९ऐवजी ११ ओळी बसतात. ईमेलची यादी, फाइलींची यादी, ऑर्डरींची यादी, सगळीकडे हेच.

राक्षसी मथळ्यांमागे बहुतेक वेळा एक लहानशी चलाखी असते. अक्षराचा आकार 'स्क्रीनच्या रुंदीच्या ५ टक्के' असा दिलेला असतो. ३९० पिक्सेलच्या फोनवर तो येतो साडेएकोणीस, अगदी नेमका. १९२०च्या स्क्रीनवर तोच होतो ९६. आणि झूम कमी करून बघा: बाकी सगळं लहान होईल, तो मथळा जागचा हलणार नाही, कारण त्याचं नातं फक्त खिडकीच्या रुंदीशी आहे. आकाराला खालची आणि वरची मर्यादा घालायचं साधन सीएसएसमध्ये आहे, सगळे मुख्य ब्राउझर ते २०२०पासून समजतात. एका ओळीचं काम. तेही राहून जातं.

पूर्ण स्क्रीन व्यापणारं चित्र हा त्याचाच भाऊ. फोनवर अंगठ्याच्या एका फटक्यात ते निघून जातं. लॅपटॉपवर ते इतकं चपखल बसतं की खाली काही आहे याचा मागमूसच राहत नाही. लोक पेज संपलं समजून निघून जातात, हे मी समोर बसून पाहिलंय.

बोटाने सरकवायच्या चित्रपट्ट्या, जन्मवर्षासाठी फिरवायचं चक्र, दाबल्याशिवाय न उघडणारे मजकुराचे कप्पे, हे सगळे एकाच माळेचे मणी. जन्मतारखेचं चक्र तर मला वैयक्तिक अपमान वाटतो. हाताशी अख्खा कीबोर्ड असताना १९६४पर्यंत माउसने वर्षं मागे ढकलत बसायचं! ब्रिटिश सरकारच्या डिझाइन सिस्टीममध्ये जन्मतारखेसाठी तीन साधी खोकी सांगितली आहेत: दिवस, महिना, वर्ष, टाइप करा आणि पुढे जा. फोनवरही तेच बरं पडतं.

बंद कप्प्यांचं दुखणं जरा खोल आहे. डेस्कटॉपवर आपण कंट्रोल आणि एफ दाबून शब्द शोधतो. कप्पा बंद असेल आणि आतला मजकूर नेहमीच्या पद्धतीने लपवलेला असेल, तर ब्राउझरला तो सापडतच नाही. माणूस "इथे नाहीये" म्हणून निघून जातो, आणि उत्तर दोन इंच खाली असतं.

आता दुसरी बाजू, नाहीतर उत्तर एकतर्फी होईल. मोठ्या स्क्रीनवर फोनची मांडणी दिसते तेव्हा दर वेळी साइटवाल्याचाच दोष नसतो. साइटला तुमचा मॉनिटर किती इंची हे कळत नाही, तिला कळते फक्त खिडकीची रुंदी. मघाचा १२८०वाला लॅपटॉप घ्या. अक्षरं बारीक वाटतात म्हणून १५० टक्के झूम केलं, की साइटच्या दृष्टीने रुंदी राहिली ८५३. खिडकी अर्ध्या स्क्रीनवर ठेवली तर ६४०. बहुतेक साइट ७६८ किंवा ९९२च्या खाली गेलं की फोन किंवा टॅबलेटची मांडणी लावतात. तेव्हा मेनू अचानक नाहीसा झाला तर शिव्या घालण्याआधी झूम तपासा. आणि हीच सोय कमी दिसणाऱ्यांसाठी फार मोलाची आहे. वेबच्या सुलभतेच्या निकषांत २०१८पासून अट आहे की पेज ३२० पिक्सेल रुंदीत आडवं न सरकवता वाचता आलं पाहिजे. १२८०ची खिडकी ४०० टक्के मोठी केली की नेमके ३२० उरतात. त्या वाचकाच्या मॉनिटरवर फोनची मांडणी येणं हेच योग्य.

मधल्या अरुंद पट्टीत वाहणारा मजकूर, आणि दोन्हीकडे पांढरं, यावरही लोक चिडतात. त्यात मी लोकांच्या बाजूने नाही. इंग्रजी छपाईत ४५ ते ७५ अक्षरांची ओळ वाचायला सोपी मानतात. ओळ फार लांबली की डोळा परत फिरताना पुढची ओळ चुकतो. विकिपीडियाने जानेवारी २०२३मध्ये इंग्रजी आवृत्तीवर नवी, मर्यादित रुंदीची मांडणी आणली तेव्हा बरीच आरडाओरड झाली; पण त्यांनी मजकूर पूर्ण रुंदीत पसरवायचं बटणही दिलंय. लेख अरुंद असावा, तक्ता नाही. हा फरक ज्या डिझायनरला कळतो त्याच्याकडे काम द्या.

तुमच्या हातात काय आहे? पहिलं, झूम ८० टक्के करून बघा. १२८०ची खिडकी साइटला १६००ची वाटते, बऱ्याचदा लपलेला मेनू आणि शेजारचा रकाना परत येतो, आणि ब्राउझर त्या साइटपुरतं ते लक्षात ठेवतो. अक्षरं फार बारीक झाली तर अर्थातच उपयोग नाही. दुसरं, कोणी फोनवरून पाठवलेल्या लिंकच्या पत्त्यात सुरुवातीला किंवा मधे सुटा 'एम' आणि टिंब असेल, तर ते खोडून पुन्हा उघडा; काही जुन्या साइटची मोबाइल आवृत्ती अजून वेगळी नांदते. आडव्या पट्टीला बाण नसतील तर शिफ्ट दाबून माउसचं चाक फिरवा, बहुतेक वेळा सरकते. लांबलचक लेखाला फायरफॉक्स किंवा सफारीतलं वाचन मोड लावा, सगळा साज उतरतो. अहवालाच्या साइटवर एक्सेल किंवा सीएसव्हीमध्ये उतरवून घ्यायचं बटण कुठेतरी कोपऱ्यात असतं, ते शोधा; हिशेबाचं काम करणाऱ्या अनुभवी लोकांनी साइट बघणं केव्हाच सोडलंय, ते थेट फाइल उतरवतात.

माझी आवडती युक्ती मात्र वेगळी आहे. साइट फोनसारखीच वागायचं म्हणत असेल तर तिला फोनएवढीच जागा द्या. विंडोजचं बटण आणि डावा बाण दाबून खिडकी अर्ध्यावर ठेवा, दुसऱ्या अर्ध्यावर तीच साइट दुसऱ्यांदा उघडा. डावीकडे एक वस्तू, उजवीकडे दुसरी. साइटने नाकारलेला शेजार तुम्ही खिडक्यांनी मिळवता. त्या बाईंची वही मी पाहिली त्या दिवशी मी त्यांना हेच दाखवलं होतं, तात्पुरता उपाय म्हणून.

तक्रार जरूर करा, पण "साइट भंगार झालीय" असं लिहू नका, ते कोणी वाचत नाही. स्क्रीनची मापं, झूमचा आकडा, आणि काम काय करत होता ते लिहा: "दोन महिन्यांचे आकडे ताडून बघत होतो, एका वेळी एकच दिसतो." असं वाक्य बैठकीत वाचून दाखवता येतं. एरवी बैठकीत फक्त एक आलेख दाखवला जातो, भेट देणाऱ्यांत मोबाइलवाले किती. फोनवर दहा जण डोकावून जातात आणि एक जण टेबलाशी बसून तासभर काम करतो, तेव्हा त्या आलेखात तो एक जण एकच दिसतो.

माझ्यासारखं काम करणाऱ्यांनाही दोन शब्द. रुंदीवरून माणसाच्या हातात काय आहे याचा अंदाज बांधू नका. माउस आहे की बोट, हे ब्राउझर स्वतः सांगतो, फक्त विचारायचं असतं. एखाद्या भागाला पूर्ण पेजची नव्हे, स्वतःच्या वाट्याला आलेली रुंदी पाहून मांडणी बदलता येते, आणि फेब्रुवारी २०२३मध्ये फायरफॉक्सही सामील झाल्यापासून ही सोय सगळ्या मुख्य ब्राउझरांत आहे. आपल्या भल्यामोठ्या मॉनिटरवर तपासून समाधान मानू नका, १२८० बाय ७२०वर बघा. आणि पहिलं चित्र काढण्याआधी एकच विचारा: या पेजवर काय काय शेजारी ठेवून बघावं लागणार आहे? उत्तर 'काहीच नाही' असेल तर मोबाइल फर्स्ट बिनधास्त करा, मीही करते.

तो खर्चाचा अहवाल आम्ही पुढच्या महिन्यात दुरुस्त केला. फोनवर कार्डं ठेवली, ९०० पिक्सेल रुंदीच्या वर तक्ता परत आणला, ओळ पुन्हा २८ पिक्सेलची. दाखवायला मी स्वतः गेले. बाईंनी चष्मा वर करून दोन मिनिटं वरखाली फिरवून पाहिलं, वही ड्रॉवरमध्ये टाकली, आणि विचारलं, "बाजूला सरकवलं तरी विभागाचं नाव जागेवर थांबेल का? जुन्यातसुद्धा थांबत नव्हतं."